ऐनाची ओटी

ऐनाच्या बुंध्याला कुंकू लागलं होतं. खाली नारळ ठेवलेला होता आणि शेजारी उदबत्ती जळून राख झाली होती. मी एसटीतून उतरून घरी न जाता सरळ केंद्रात आलो होतो, पिशवी अजून खांद्यालाच होती. नारळ बघितला आणि पिशवी खाली ठेवली.

मान वर केली. फाल्गुनाचे दिवस, झाडावर एक पान नव्हतं. पण वरच्या फांद्यांना कोश लटकत होते. राखाडी, कडक, गावठी कोंबडीच्या अंड्याएवढे. प्रत्येकाला एक देठ आणि त्या देठाची कडी फांदीभोवती घट्ट आवळलेली. माहीत नसलेल्या माणसाला ते वाळून राहिलेलं फळ वाटलं असतं.

"आलात का अनंतराव!" दामले अण्णा पायरीवरून खाली आले. "बरं झालं शिमग्याला आलात. मुंबईला भावाकडे करमत नव्हतं ना? मी म्हटलंच होतं."

"अण्णा, हा नारळ कोणी ठेवला?"

"धोंडूदादांनी. काल मानकरी मंडळी आली होती. यंदा होळीचं झाड आपल्या वाडीनं द्यायचं. मी म्हटलं, हा ऐन न्या, नाहीतरी वठलेलाच आहे."

"वठलेला नाही."

"एक पान नाही हो त्याला."

"ऐनाला आता पान नसतंच. अण्णा, याच्यावर कुमुदचे कोश आहेत."

अण्णांनी वर बघितलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा बघितलं. मग हळूच म्हणाले, "अरे देवा."

आमचं निसर्ग केंद्र म्हणजे कातळवाडीची बंद पडलेली शाळा. वाडीत पुरेशी पोरं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. अण्णा बँकेतून निवृत्त होऊन चिपळूणहून इकडे राहायला आले आणि त्यांनी ती दोन खोल्यांची इमारत पंचायतीकडून मागून घेतली. रविवारी तिथं आजूबाजूची पोरं यायची, बचत गटाच्या बाया यायच्या, पक्षी बघणारे एक डॉक्टर यायचे. रोपं करायची, बिया वाळवायच्या, वणवा लागला तर झोडपायला पळायचं. आणि पावसाळ्यात दिवेलागणीला व्हरांड्यात पांढरा पडदा बांधून मागं दिवा लावायचा. त्या पडद्यावर येऊन बसतील ती पाखरं बघायची. पुस्तकात त्यांना पतंग म्हणतात, आमच्याकडे पाखरंच म्हणतात.

हे पडद्याचं काम माझ्या बायकोचं. कुमुदला त्याचं वेडच होतं. गाव तिला पाखरंवाली म्हणायचं, कधी कौतुकानं, कधी नाही. मी एसटीत ड्रायव्हर होतो. निवृत्त झाल्यावर पडद्याचं दुसरं टोक धरून उभा राहायचो. केंद्रात माझं काम एवढंच.

गेल्या गणपतीनंतर खालचा रस्ता रुंद करायला घेतला, तेव्हा बरेच ऐन आडवे केले. त्यांच्या फांद्यांवर बोटभर लांबीचे हिरवेगार सुरवंट होते. कुमुदनं ते टोपलीत भरून आणले आणि शाळेमागच्या ऐनावर एकेक करून सोडले. मी शिडी धरली होती.

"कसले हे?" मी विचारलं.

"टसरचे. रेशमाचं रानटी पाखरू. आता कोश करतील आणि पाऊस यायच्या वेळी बाहेर पडतील. कोणाला सांगू नका हं."

"का?"

"मागं एकदा सांगितलं तर सहलीच्या पोरांनी काडीनं ढोसून मारले. या वेळी आपल्या दोघांतच राहू दे."

म्हणून ते दोघांतच राहिलं. कार्तिकात तिला ताप आला. रिक्षातून तालुक्याला नेत होतो, तेव्हा ती माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "ऐनाकडे लक्ष असू द्या." मी म्हटलं, "तू आधी बरी हो." दोन दिवसांत ती गेली. दिवसकार्य झालं आणि भाऊ मला मुंबईला घेऊन गेला. तिथं मी खिडकीत बसून होतो. एक दिवस आठवलं की तिनं एक काम सांगितलंय आणि आपण खिडकीत बसलोय. पिशवी भरली आणि निघालो.

"मी काय करू आता?" अण्णा म्हणाले. "चार वर्षं गाव आपल्याशी फटकून होतं. केंद्रवाले लाकडाला हात लावू देत नाहीत म्हणून. काल पहिल्यांदा सगळे कुंपणाच्या आत आले, चहा घेतला, हसले-बोलले. आता जाऊन नाही कसं म्हणू?"

"तुम्ही म्हणू नका. मी म्हणतो."

धोंडूदादा रसाळ आमच्या गावचे गावकर. होळीच्या झाडावर पहिला घाव त्यांचा, गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. शिमग्यात पालखी बसते त्या सहाणेवर बसून ते ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. भोवती मुंबईहून आलेली तरणी पोरं होती.

"ये अनंता, बस," ते म्हणाले. "कुमुद गेल्यावर पहिल्यांदाच दिसतोयस. सुकलास रे."

"दादा, शाळेमागचा ऐन सोडा. दुसरं झाड घ्या."

त्यांचा हात दोरीवरच थांबला. "नारळ दिलाय रे. गावानं नारळ दिला की ते झाड आपलं नाय ऱ्हात, देवाचं होतं."

"घरटं असलेलं झाड आपण होळीला घेत नाही ना?"

"नाय घेत. कावळ्याचं घरटं असलं तरी नाय घेत. मी स्वतः वर बघून नारळ ठेवलाय. घरटं नाय."

"कोश आहेत. आत जीव आहेत."

"किडं हायत ती! किड्यांचं बिऱ्हाड मोजायला बसलो तर या गावात होळीच उभी ऱ्हायची नाय."

पोरं हसली. एक म्हणाला, "काका, त्यांचं रेशनकार्ड हाय काय?" पुन्हा सगळे हसले. मला राग आला नाही. मीही त्या वयात असंच बोललो असतो.

"मग मला चढून तेवढे कोश काढून घेऊ द्या."

"नारळ दिलेल्या झाडावर चढायचं?" आता दादांचा आवाज चढला. "पहिला घाव पडेस्तोवर त्या झाडाला पाय नाय लागत, कोयता नाय लागत. तुला मी काय सांगू? तू याच गावचा ना? आडवं झालं की घे वेचून."

आडवं झाल्यावर काय होतं ते मला माहीत होतं. झाड कोसळतं ते फांद्यांवरच. मग फाका घालत, शिमग्याच्या आरोळ्या ठोकत सगळे त्यावर तुटून पडतात, फांद्या साफ करतात आणि सोट खांद्यावर घेऊन नाचत निघतात. वेचायला भुगासुद्धा मिळाला नसता.

"दादा, मी ते झाड पडू देणार नाही."

"काय करशील? आडवा पडशील?"

"पडेन."

"पड. उचलून बाजूला ठेवू," दादा म्हणाले. "चाकरमानी आलेत, माणसांची कमी नाय यंदा."

घरी जायची वाट त्यांच्याच दारावरून जाते. तिथं रस्त्याला लागून एक मोठा फणस आहे. विजेच्या तारा त्याच्याजवळ येऊन एकदम बाजूला वळतात, झाडाला वळसा घालतात आणि पुन्हा सरळ होतात. त्या वळशाखालून मी इतकी वर्षं गाडी नेली, पण कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी मी तिथं थांबलो.

गावात वीज आली तेव्हा तो फणस तोडायचा होता. धोंडूदादांनी कुऱ्हाडीसमोर उभं राहून तोडू दिला नाही. त्याला पहिलं फळ धरलं तेव्हा त्यांच्या आईनं त्याची ओटी भरली होती. ओटी भरलेल्या झाडावर आमच्याकडे कुऱ्हाड चालवत नाहीत. तार वळली, झाड तिथंच राहिलं.

पुरुषानं ओटी भरायची नसते, माझ्यासारख्यानं तर नाहीच. सवाष्ण हवी. आणि गावातली कुठलीही सवाष्ण चालणार नव्हती. दादा ज्या ओटीला हात लावू शकणार नाहीत, अशी एकच बाई होती. त्यांची बायको, भागीरथीवैनी.

त्या घराची पायरी कुमुद सहा वर्षं चढली नव्हती. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी होळी. सकाळी मी पडवीत जाऊन उभा राहिलो. आत चुलीवर पुरण शिजत होतं. वैनी पाट्याशी बसल्या होत्या आणि त्यांची सून रूपाली कणीक मळत होती. मला बघून रूपाली उठली, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. वैनींनी नुसतं बघितलं.

"वैनी, मागायला आलोय."

"सणाच्या दिवशी मागायला आलेल्याला नाय म्हणत नाय आमी. रूपाली, भावजींना पोळी वाढ पहिली."

"गोड नको. वर्ष होईपर्यंत गोड खाणार नाही मी."

"चहापण?"

"बिनसाखरेचाच घेतो."

"मग काय मागताय?"

"एक ओटी भरून हवी आहे."

"कोणाची?"

"शाळेमागच्या ऐनाची."

वैनींनी वरवंटा ठेवला. पदराला हात पुसले. "डोकं ठिकाणावर हाय ना, भावजी? ज्याच्यावर दुपारी कुऱ्हाड पडायची, त्याची मी सकाळी ओटी भरू?"

"म्हणूनच. झाड लेकुरवाळं आहे, वैनी. कोशात जीव आहेत. पाऊस आला की बाहेर पडतील."

"किड्यांनी लेकुरवाळं?" त्या हसल्या. रूपाली हसली नाही. "ह्यांनी नारळ ठेवायचा आणि मी जाऊन ओटी भरायची. माझ्या घरात भांडण लावायला आलात काय?"

"हो," मी म्हटलं.

आता रूपाली हसली आणि तोंड दाबून आत पळाली.

"गावात दुसऱ्या सवाष्णी नायत? गुरवाची शेवंता हाय, खालच्या वाडीतली तुमची चुलतबहीण हाय."

"त्यांनी भरली तर दादा बाजूला सारतील. तुमची सारणार नाहीत."

वैनींनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कुमुदनं सांगितलं होतं, माझ्याकडं जा म्हणून?"

"नाही. ती असती तर तिनं मला ही पायरी चढू दिली नसती."

"मग?"

"ती नाही. झाड आहे."

पुरणाचा वास बदलला. आतून रूपाली म्हणाली, "आई, खाली लागतंय."

"जा भावजी," वैनी ढवळायला उठल्या. "मला कामं हायत."

त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. मी पाणी पिऊन निघालो.

उन्हं कलायला लागली तेव्हा ढोल वाजत शाळेकडे आले. मी ऐनाला पाठ लावून बसलो होतो. अण्णा आले आणि माझ्या शेजारी बसले.

"तुम्ही कशाला?" मी म्हटलं. "पुन्हा गाव तुमच्याशी बोलायचं नाही."

"झाड मी दिलं. मला बसायलाच हवं." ते जरा सरकून बसले. "इथं मुंग्या आहेत हो."

"ऐनाला असतातच."

गाव कुंपणातून आत आलं. पुढं ढोल, मागं कुऱ्हाडी, त्याच्या मागं मोबाइल वर धरलेली पोरं. धोंडूदादा पांढरं धोतर नेसून, हातात कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढं होते. माझ्यासमोर येऊन थांबले. ढोल थांबले.

"अनंता, ऊठ."

"नाही."

"सणाच्या दिवशी तमाशा नको. तुझं दुःख आमाला कळतं. पण कुमुद काय त्या किड्यांत नाय."

"नाहीच आहे. मी कुठं म्हणतो, आहे म्हणून? तिनं सांगितलेलं काम आहे, तेवढं करतोय."

"अण्णा, तुमी शिकलेले. तुमी तरी उठा."

"मी चुकून दिलं, दादा," अण्णा म्हणाले. "विचारून द्यायला हवं होतं."

"देवाला दिलेलं चुकून म्हणून परत घेता येत नाय." दादांनी मागं बघून मान हलवली. दोन पोरं पुढं झाली. एकानं माझ्या काखेत हात घातला. तो माझ्या चुलतभावाचाच मुलगा होता. "काका, उगाच लागंल तुमाला," तो पुटपुटला. मी दोन्ही हात मागं नेऊन बुंधा धरला. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, धरायला बरी. पोरानं ओढलं, मी सोडलं नाही. गुडघा ठणकला. अण्णांना दुसऱ्यानं उठवून अलगद बाजूला उभं केलं, जसं देवळात म्हाताऱ्या माणसाला करतात तसं.

"थांबा रे."

आवाज बाईचा होता. गर्दी फाटली. वैनी आल्या. नेसून आल्या होत्या, हिरवं लुगडं, नाकात नथ. हातात ताट. त्यांच्या मागं रूपाली आणि आणखी चार-पाच बाया. माझ्या काखेतले हात आपोआप निघाले.

"काय गं?" दादा म्हणाले.

"तुमी सरका जरा."

"काय चाललंय काय?"

"बायकांचं काम हाय. सरका."

दादा सरकले. वैनींनी बुंध्यावरच्या कुंकवाशेजारी हळद लावली, पुन्हा कुंकू लावलं. ताटातला खण उलगडून बुंध्याला टेकवला. खण बुंध्याभोवती पुरेना, तेव्हा रूपालीनं आपल्या डोक्यातला गजरा सोडला आणि त्याच्या दोऱ्यानं खण बांधला. मग वैनींनी नारळ, हळकुंड, सुपारी ठेवली आणि तांदळाची ओंजळ भरून बुंध्याशी घातली.

"कितवा महिना?" मागच्या एका बाईनं विचारलं, आणि बाया फिसकन हसल्या.

"पावसाच्या तोंडावर मोकळी होईल," वैनी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी पुन्हा ताटात हात घातला. दुसरी ओंजळ भरली. ती खाली सोडताना म्हणाल्या, "ही कुमुदची."

बाहेरून आलेल्या पोरांना काही कळलं नाही. गावातल्या बायांना कळलं.

रूपालीचं डोहाळजेवण होतं तेव्हाची गोष्ट. कुमुद जांभळी साडी नेसून गेली होती. फुलांची वाडी तिनंच केली होती, केंद्रातली फुलं नेऊन. ओटी भरायला बाया एकेक करून उठल्या. कुमुद उठली, तांदळात हात घातला आणि वैनींनी तिच्यासमोरून ताट उचललं. "तू राहू दे गं," म्हणाल्या. "तुला काय मूलबाळ नाय. कशाला उगाच." भरल्या घरात म्हणाल्या. कुमुदच्या हातात तांदूळ तसेच राहिले. ती ते मुठीत घेऊन घरी आली. तांदूळ चिमण्यांना टाकले आणि संध्याकाळी केंद्रात जाऊन पडदा बांधला. काय झालं ते मला दुसऱ्या बाईकडून कळलं.

रूपाली माझ्यासमोर उभी होती. तिचा मुलगा आता शाळेत जात होता. तिनंही एक ओंजळ घातली आणि डोळे पुसले. मग बाकीच्यांनी घातल्या.

वैनी वळल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "झालं. आता घाला घाव."

दादांनी कुऱ्हाडीकडे बघितलं, मग खणाकडे. "तुझ्या ओटीवर घाव घालू? आणि उद्यापासून जेवायला कोण वाढील मला?"

आधी बाया हसल्या, मग सगळे. पण दादांचा चेहरा उतरला होता. "अगं, देवाला नारळ दिलाय. होळी काय रिकामी ठेवू? उन्हं उतरली. आता झाड कुठून आणू?"

"माझ्या परड्यातून," मी म्हटलं. "किंजळ आहे. सरळ सोट. सगळ्यांनी बघितलाय."

"तो? तो तर तू घराच्या आढ्याला ठेवला होतास."

"आढं जुनंच चालेल. छप्पर दोन वर्षं आणखी गळेल, गळू दे."

दादांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली. वाकून ऐनाखालचा पहिला नारळ उचलला, आपल्या धोतराला पुसला. "नारळ तोच चालंल," ते म्हणाले. "देव समजून घेईल. चला रे!"

ढोल पुन्हा सुरू झाले. रेशनकार्ड विचारणारा पोरगा जाताना मान वर करून बघत होता. "खरंच लोंबतायत की," तो दुसऱ्याला म्हणाला. गाव माझ्या परड्याकडे निघालं. पहिला घाव पडला तेव्हा मी तिथं होतो. किंजळ पडला, तो खांद्यावर घेऊन पोरं नाचत गेली आणि होळी उभी राहिली. गाऱ्हाणं घालताना दादांनी माझ्या घराचं नाव घेतलं, नेहमी घेतात तसं. वाडीतल्या पोराबाळांना, गुराढोरांना सुखी ठेव म्हणाले. मग म्हणाले, "आणि त्या ऐनावरच्या पाखरांना." लोकांनी "व्हय महाराजा" म्हटलं. नेहमीसारखंच, मोठ्यानं.

पुढचे तीन महिने मी केंद्रातच राहिलो म्हटलं तरी चालेल. चैत्रात झाडाला पालवी फुटली. अण्णा पालवीला हात लावून बघायचे आणि मान हलवायचे. वैशाखात खालच्या रानाला वणवा लागला, तेव्हा आम्ही ऐनाच्या भोवतालचं गवत काढून जमीन मोकळी करून ठेवली. झोडपायला रसाळांच्या घरचे दोन गडी आले होते. कोणी बोलावलं नव्हतं.

वळवाच्या दोन सरी पडून गेल्या. मग एका सकाळी मी दात घासत मागं गेलो, तर खालच्या फांदीवर एक कोश ओला दिसला. त्याच्या टोकाशी तांबूस डाग होता आणि कोशाला धरून पाखरू लटकत होतं. पिवळं, तळहातापेक्षा मोठं. पंख अजून मऊ होते, धुतलेल्या फडक्यासारखे खाली सोडलेले. मी बघत असताना ते हळूहळू ताणले गेले. प्रत्येक पंखावर एक गोल, काचेसारखा. त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

मी तोंड धुतलं, चपला घातल्या आणि रसाळांच्या घरी गेलो.

"वैनी, मोकळी झाली."

वैनी पाणी भरत होत्या. कळशी तिथंच ठेवून माझ्या मागं आल्या. झाडाखाली येऊन उभ्या राहिल्या. बुंध्यावरचा खण उन्हापावसानं पांढरा पडला होता, गजऱ्याचा दोरा मात्र शाबूत होता.

"केवढं हाय गं बाई," त्या म्हणाल्या. "हात लावला तर?"

"आत्ता नको. पंख वाळतायत."

"मग उडंल?"

"ही मादी आहे. इथंच बसून राहील. नर लांबून येतात."

"खायला काय घालायचं हिला?"

"काही नाही. खातच नाही. कुमुदनं सांगितलं होतं, हिला तोंडच नसतं. जेवढं खायचं ते सुरवंट असताना खाऊन घेते. आता चार दिवस, अंडी घालायची आणि संपलं."

"तोंडच नाय?"

"नाही."

वैनी पाखराकडे बघत राहिल्या. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो सारखा करायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "मलापण देवानं तसंच पाठवायला हवं होतं."

यावर जिनं काही म्हणायला हवं होतं ती नव्हती. आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. वरच्या फांदीवर आणखी एक कोश ओला व्हायला लागला होता.

त्यांनी डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, केंद्रात चूल हाय ना तुमची? चहा करा."

"करतो. साखर मात्र अण्णांची घ्यावी लागेल. तुमच्या कपात घालतो."

"दोन्ही कपांत घाला."

"वर्ष व्हायचंय अजून, वैनी."

"आज या घरात पाळणा हलला," त्या म्हणाल्या. "गोड करा."

त्याला आता बरीच वर्षं झाली. वैनीही राहिल्या नाहीत. ऐन आहे. शिमग्याला नारळ ठेवायच्या आधी दादांचा मुलगा झाडाझाडाखाली उभा राहून वर बघतो, घरट्यासाठी आणि कोशांसाठीही.

त्या सकाळी मी आत गेलो, चूल पेटवली, अण्णांच्या डब्यातून साखर काढली. दोन्ही कपांत घातली.